दिव्याआधी पाण्याची तरतूद

वीज गेली म्हणजे घरात प्रथम दिव्याची शोधाशोध होते. अंधार तत्काळ जाणवतो, म्हणून विजेच्या अभावाचा विचार दिव्यापासून सुरू होतो आणि बहुधा दिव्यापाशीच संपतो. एखादा बॅटरीचा दिवा, मेणबत्तीचा पुडा, ऐपत असल्यास एक इन्व्हर्टर, एवढी सामग्री जमली की घर तयार झाले असे समजले जाते. वस्तुतः शेतकरी कुटुंबाचे खरे अडते ते दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि ते पाण्यावाचून अडते. एक रात्र अंधारात काढता येते. परंतु दावणीला बांधलेल्या दुभत्या गाईला दिवसभर तहानलेली ठेवता येत नाही. म्हणून वीज जाण्याची तयारी पाण्यापासून सुरू झाली पाहिजे. दिव्याची पाळी त्यानंतरची होय.

हा क्रम उलटा का झाला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली आणि पुढील दोन-तीन दशकांत खेडोपाडी तारा पोहोचल्या. आरंभीच्या त्या काळात वीज गेल्याने घराचे फारसे अडत नसे. विहिरीवर रहाट होता, ओट्याखाली जाते होते, गोठ्यात कडबा तोडण्याचा विळा होता आणि खुंटीला कंदील होता. वीज ही असलेल्या साधनांवरची भर होती. पुढे एकेक साधन घराबाहेर गेले. विहिरीवरील रहाटाची लाकडे सरपणात गेली, जात्याची तळी अंगणात पायरी म्हणून बसली, रेशनवरील रॉकेल पूर्वीसारखे मिळेनासे झाले. यात कष्ट वाचले ही चांगलीच गोष्ट झाली. विशेषतः घरातील स्त्रियांचे, आणि त्याबद्दल कोणी हळहळण्याचे कारण नाही. मात्र जुने साधन काढताना त्याच्या जागी अडचणीच्या वेळचे दुसरे साधन ठेवले गेले नाही. तेवढ्यामुळे आज दोन दिवस वीज नसली तर जी अडचण होते ती साठ वर्षांपूर्वी झाली नसती.

वीज जाण्याचे प्रकारही सारखे नसतात आणि एकाच तयारीने सर्व निभावत नाहीत. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने रोज दहा-बारा तासांचे भारनियमन सोसले. त्याचे वेळापत्रक ठरलेले असे, म्हणून लोकांनी आपली कामे त्याभोवती बसविली. वळवाच्या पावसातील बिघाड हा दुसरा प्रकार. वैशाखातील एखाद्या संध्याकाळी वावटळ उठते, बाभळीची फांदी तारेवर पडते, दोन खांब वाकतात आणि गाव एक-दोन दिवस अंधारात राहते. तिसरा प्रकार आपत्तीचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत विजेचे खांब हजारोंनी पडले आणि कित्येक वाड्यांवर वीज यावयास काही आठवडे लागले. ऑगस्ट २०१९ मधील कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील उपकेंद्रेच पाण्यात गेली. भोवती पाणी आणि नळाला मात्र पाणी नाही, अशी अवस्था अनेक गावांनी पाहिली. भारनियमनाची सवय असलेले घर दुसऱ्या व तिसऱ्या प्रसंगालाही आपण तयार आहोत असे मानते. तेथे त्याची फसगत होते, कारण काही तासांनी वीज येणारच, हे त्या सवयीत गृहीत धरलेले असते.

आता पाण्याचा हिशेब. दुभत्या संकरित गाईला उन्हाळ्यात दिवसाला ७० ते १०० लिटर पाणी लागते. पाणी कमी पडले की त्याच दिवशी दूध घटते आणि ते पुन्हा पूर्ववत व्हावयास वेळ लागतो. ज्या घरी दोन दुभत्या गाई, एक बैलजोडी व दोन वासरे आहेत, तेथे गाईंना १६०, बैलांना १०० व वासरांना ४० मिळून ३०० लिटर पाणी केवळ पिण्यासाठी हवे. पाच माणसांच्या कुटुंबाने माणशी २५ लिटरांत काटकसरीने भागविले तरी १२५ लिटर झाले. एकूण ४२५. म्हणजे हजार लिटरची टाकी काठोकाठ भरलेली असली तरी ती जेमतेम सव्वादोन दिवस पुरेल. काटकसर न करता जल जीवन मिशनच्या ५५ लिटर प्रमाणाने माणसांनी पाणी वापरले, तर ती दोन दिवसही पुरणार नाही. गोठा धुणे व जनावरे धुणे यात धरलेले नाही. असा हिशेब प्रत्येक घराने आपल्या दावणीकडे पाहून एकदा मांडावा. पुष्कळ घरी असे आढळते की टाकी घेताना माणसांची संख्या मोजली गेली, पण जनावरांची मोजलीच गेली नाही.

टाकी किती मोठी यापेक्षाही, वीज जाते त्या क्षणी ती किती भरलेली असते, ही बाब अधिक महत्त्वाची. साधारण रीत अशी की टाकी रिकामी झाली म्हणजे मोटर चालू करावयाची. ही रीत मोडली पाहिजे. वीज आहे तोवर टाकी भरलेली ठेवावी आणि रोज संध्याकाळी, विशेषतः एप्रिल ते जून या काळात, आभाळ भरून येण्यापूर्वी ती पुन्हा भरून घ्यावी. अर्ध्या भरलेल्या दोन हजार लिटरच्या टाकीत पाणी हजार लिटरच असते, हे सांगावे लागू नये. पण गावोगाव टाक्यांची झाकणे उघडून पाहिली तर ते सांगावे लागेल असेच दिसते.

टाकी उंचावर असावी, म्हणजे पाणी आपोआप उताराने घरात व गोठ्यात येते. परंतु हजार लिटर पाण्याचे वजन दहा क्विंटल होते हे लक्षात घेऊन ती पक्क्या स्लॅबवर किंवा बांधीव कट्ट्यावर बसवावी. पत्र्याच्या छपराच्या कैचीवर ती ठेवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय. गोठ्याजवळ चार-पाचशे लिटरचा सिमेंटचा हौद स्वतंत्र असल्यास सर्वांत चांगले. त्याला आतून अधूनमधून चुना लावला तर शेवाळ धरत नाही. पिण्याचे पाणी मात्र या दोहोंपासून वेगळे, झाकणाच्या भांड्यात असावे.

येथे एक अडचण आहे आणि ती लपविण्यात अर्थ नाही. डासांची पैदास थांबावी म्हणून आरोग्य विभाग आठवड्यातून एक दिवस पाण्याची सर्व भांडी कोरडी करण्यास सांगतो, आणि येथे तर भांडी सदैव भरलेली ठेवा असे सांगितले जात आहे. दोन्ही गोष्टी साधता येतात. टाकीचे झाकण घट्ट बसावे, हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी किंवा फडके बांधावे, हौद व पिंपे आळीपाळीने रिकामी करून घासावीत. सर्व एकाच दिवशी रिकामी करू नयेत.

वीज बंद असताना गावात जे पाणी येते त्याच्या शुद्धतेचीही खात्री राहत नाही. नळयोजनेचा पंप थांबला की नळातील दाब जातो आणि फुटक्या जोडातून गटाराचे पाणी नळात शिरते. म्हणून पहिल्या पाण्याचा उपयोग पिण्यासाठी करू नये. साठविलेल्या हजार लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर सुमारे अडीच ग्रॅम लागते. ती बादलीभर पाण्यात कालवून, चोथा खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे आणि निदान अर्ध्या तासानंतर पाणी वापरावे. उघड्या पिशवीत महिनोन् महिने पडलेल्या पावडरीतील क्लोरीन उडून जातो. तशी पावडर टाकून लोक निश्चिंत होतात, हे न टाकण्यापेक्षाही वाईट. ताजी पावडर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून घ्यावी.

साठा संपल्यावर काय, हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर घरापुरते नाही. ज्या घराला उघडी विहीर किंवा आड आहे त्याने काठावर लोखंडी कप्पी, वीस-पंचवीस हात दोर व पोहरा कायम ठेवावा. दोर उन्हात कुजतो, म्हणून तो घरात टांगावा आणि वर्षातून एकदा जोखून पाहावा. विंधन विहिरीत मात्र पोहरा उतरत नाही. तिच्यात मोटर सोडली की ती पूर्णपणे विजेच्या अधीन झाली. या दृष्टीने गावच्या हातपंपाचे मोल फार आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरी मोठ्या प्रमाणावर घेण्यात आल्या. त्या काळात जालना व सोलापूर येथे घडविलेल्या पंपांच्या अनुभवातूनच पुढे इंडिया मार्क दोन हा हातपंप तयार झाला आणि देशभर पोहोचला. सुमारे ४५ मीटर खोलीवरील पाणी तो केवळ हाताच्या बळावर वर आणतो. असा पंप उखडून त्याच भोकात विजेची मोटर सोडण्याची प्रथा अनेक गावांत पडली आहे. सोय म्हणून ती समजण्यासारखी आहे, तरी ज्या ग्रामपंचायतीने आपला शेवटचा हातपंप काढून टाकला तिने आपली राखीव गंगाजळी खर्च केली, असेच म्हणावे लागेल. एकाच विंधन विहिरीवर हातपंप व सौर पंप असे दोन्ही बसविण्याची दुहेरी पंपाची योजना राज्यात अनेक वाड्यांवर अमलात आली आहे. जेथे मोटर हवीच असेल तेथे हा मार्ग अधिक शहाणपणाचा.

इन्व्हर्टरविषयी बराच गैरसमज आढळतो. १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,८०० वॅट-तास शक्ती सामावते. तिच्यातून व्यवहारात हजार-बाराशे वॅट-तास मिळाले तरी पुष्कळ झाले. ९ वॅटचे दोन दिवे व ७० वॅटचा एक पंखा तीवर दहा-बारा तास चालेल. त्यात दूरचित्रवाणी संच जोडला की हे तास झपाट्याने कमी होतात. एक अश्वशक्तीची मोटर म्हणजे ७४६ वॅट, आणि सुरू होताना ती त्याच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह ओढते. घरगुती इन्व्हर्टर ती उचलू शकत नाही. तात्पर्य, इन्व्हर्टर दिवा देईल, पाणी देणार नाही. पंचवीस-तीस हजारांची तरतूद करता येत असेल तर तिचा पहिला भाग टाकी, कट्टा व हौद यांवर खर्च व्हावा, आणि उरलेल्यात दिवा बसवावा. घरात म्हातारी माणसे किंवा श्वासाचा विकार असलेला रुग्ण असेल तर हा क्रम अर्थातच बदलेल.

छपरावरील सौर संचाबाबतही लोकांची निराशा होते. तारमार्गाला जोडलेला साधा सौर संच, बाहेरची वीज गेली की भर दुपारीही आपोआप बंद पडतो. तो बिघाड नव्हे. तारेवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवाचे रक्षण व्हावे म्हणून केलेली ती योजना आहे. वीज नसताना उपयोग व्हावयाचा तर बॅटरीची व त्याजोगत्या यंत्रणेची जोड आरंभीच मागावी लागते. शेतावरील स्वतंत्र सौर कृषिपंपाचे तसे नाही. ऊन आहे तोवर तो चालतो. ज्यांचा असा पंप घरापासून फार दूर नाही त्यांनी त्यावरून एक नळी गोठ्याच्या हौदापर्यंत आणून ठेवली, तर आठ-आठ दिवस वीज नसली तरी जनावरांचे पाणी अडणार नाही.

स्वयंपाकघराची तयारी थोडक्यात सांगता येते, कारण ती घरच्या गृहिणीला इतर कोणाहूनही अधिक कळते. गिरणी बंद पडते म्हणून आठ दिवसांचे पीठ घरात असावे; मात्र बाजरीचे पीठ चार-पाच दिवसांत कडू पडते, तेव्हा बाजरी खाणाऱ्या घराने त्याऐवजी तांदूळ किंवा गव्हाचे पीठ राखून ठेवावे. कडब्याची कुट्टी एक दिवस पुढची करून ठेवावी. दूध संकलन केंद्रावर लवकर पोहोचवावे. ते शक्य नसेल तर कॅन थंड पाण्याच्या हौदात मानेपर्यंत बुडवून, वर ओले गोणपाट टाकून ठेवल्यास काही तास निभावते. घरात मधुमेहाचे इन्सुलिन असेल तर ते प्लास्टिकच्या कोरड्या डबीत घालून, लहान मडके ओल्या वाळूच्या मोठ्या मडक्यात बसवून त्यात ठेवावे. थोडी रोकड जवळ असावी, कारण मोहराचे खोके बंद झाल्यावर दुकानदार मोबाइलवर पैसे घेऊ शकत नाही. आणि मोबाइलचा मनोराही स्वतःच्या बॅटरीवर काही तासच चालतो. डॉक्टर, पशुवैद्यक, वायरमन व १०८ रुग्णवाहिका यांचे क्रमांक भिंतीवर लिहिलेले असावेत, केवळ मोबाइलमध्ये नव्हे. वीज कंपनीकडे तक्रार नोंदविण्यासाठी १९१२ हा क्रमांक आहे.

दिवाही अर्थात हवाच. पावसाळ्यातील काळोखी रात्र ही सर्पदंशाची वेळ असते, आणि सरपणाच्या ढिगाकडे किंवा गोठ्याकडे जाताना हातात प्रकाश नसणे जिवावर बेतू शकते. प्रत्येक खोलीत दिवा नसला तरी चालेल. दाराशी टांगलेली एक भरवशाची विजेरी असावी आणि ती कोणी अन्यत्र नेऊ नये.

आता ज्या बाबीत सर्वाधिक बेफिकिरी दिसते तिच्याकडे वळणे आवश्यक आहे. ती बाब म्हणजे वीज परत येण्याची वेळ. गेलेल्या विजेने सहसा कोणी मरत नाही. परत येणाऱ्या विजेने माणसे व जनावरे दगावतात. बऱ्याच कृषिपंपांना ऑटो स्विच बसविलेला असतो. वीज येताच एका रोहित्रावरील वीस-पंचवीस मोटरी एकाच क्षणी उठतात, तो भार रोहित्राला झेपत नाही आणि ते जळते. मग जी वीज दोन तासांसाठी गेली होती ती पंधरा दिवसांसाठी जाते. रात्री उठून शेतावर जावे लागू नये म्हणून शेतकरी ऑटो स्विच लावतो आणि त्याची ही अडचण खरी आहे; तरीही एका रोहित्रावरील सर्वांनी एकत्र बसून ऑटो स्विच काढले, प्रत्येकाने मोटरीच्या अश्वशक्तीप्रमाणे कपॅसिटर बसविला आणि मोटरी सुरू करण्याचा क्रम ठरविला, तर लाभ त्यांचाच आहे. पाच अश्वशक्तीच्या मोटरीस दोन केव्हीएआरचा कपॅसिटर पुरतो. घरातही वीज गेली की मोटर, शीतकपाट आदी सर्व बटणे बंद करून एकच दिवा चालू ठेवावा. तो लागला की वीज आल्याचे कळते. त्यानंतर पाच-दहा मिनिटे थांबून दाब स्थिर झाल्याचे पाहून एकेक उपकरण सुरू करावे.

जनरेटर वापरणाऱ्यांनी तर अधिकच दक्ष राहावे. काही जण जनरेटरची वायर सरळ घरातील सॉकेटमध्ये खुपसतात. मेन स्विच बंद नसेल तर ती वीज उलट दिशेने रोहित्रात शिरते, आणि घराचे २३० व्होल्ट तेथे चढून तारेवर ११,००० व्होल्टचा दाब येऊ शकतो. तार बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेला वायरमन त्याच गावचा, ओळखीचा माणूस असतो. जनरेटर व घर यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच असलाच पाहिजे. तो नसेल तर जनरेटर विकत घेऊ नये. तो घराबाहेर, खिडक्यांपासून दूर ठेवावा. बंद खोलीत त्याच्या धुराने झोपलेली माणसे जागी होत नाहीत.

रोहित्रावरील फ्यूज स्वतः बदलणे, तुटून पडलेली तार काठीने बाजूला करणे, ही कामे धाडसाची म्हणून गावात वाखाणली जातात. ती वाखाणणे बंद व्हावे. पडलेली तार बंदच आहे असे कधीही गृहीत धरू नये. ओल्या जमिनीत तिच्याभोवती वीज पसरलेली असते आणि चार पायांवर उभे असणारे जनावर माणसाहून आधी बळी पडते. अशा वेळी गुरे त्या बाजूस न सोडता वाट अडवून एक माणूस उभा करावा व वायरमनला कळवावे. पुराचे पाणी अंगणात शिरू लागले तर ते मीटरपर्यंत चढण्यापूर्वी, कोरड्या जागेवर उभे राहून, मेन स्विच बंद करावा. पाणी ओसरल्यावर भिंती वाळून वायरिंग तपासून घेतल्याशिवाय तो लावू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना यात दोन कामे करता येण्याजोगी आहेत. एक, दहा-वीस घरी बसून वर दिलेला पाण्याचा हिशेब त्या त्या दावणीप्रमाणे मांडून देणे. कागदावर आकडा दिसल्याशिवाय टाकीचा आकार कोणी बदलत नाही. दुसरे, गावात हातपंप किती, त्यांपैकी चालू किती आणि नादुरुस्त पंपाचे नेमके काय बिघडले आहे, याची यादी करणे. वॉशर झिजलेला किंवा साखळी तुटलेली असते एवढ्याच कारणाने वर्षानुवर्षे पंप बंद पडून राहतात. ही यादी १ मेच्या ग्रामसभेपुढे ठेवून पंचायत समितीच्या दुरुस्ती पथकाची मागणी त्याच दिवशी नोंदवावी. मृगाला तेव्हा महिन्याहून थोडा अधिक अवधी असतो, आणि वळीव त्याआधीही येतो.